उजवी पाकळी, उभी जीप

जुनी जीप नव्याने बांधायला दोन महिने लागतात. आमच्या जीपला सहा वर्षं लागली, कारण मी मराठीची शिक्षिका आहे.

हे दुसरं वाक्य वाचून तुम्ही थबकला असाल. मलाही जेव्हा हे कळलं तेव्हा मी घराच्या पायरीवर अर्धा तास थबकून बसले होते (हातात भाजीची पिशवी, पायात एकच चप्पल). तेव्हा थोडं सुरुवातीपासूनच सांगते.

माझे बाबा, बाकी सगळ्यांचे 'भाई', डिचोलीजवळच्या एका खाणीवर फोरमन होते. खाण बंद पडली तेव्हा मालकांनी गाड्या विकायला काढल्या आणि बाबांनी स्वतः वीस वर्षं चालवलेली जीप विकत घेतली. इतर लोक निवृत्त होऊन शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. आमच्याकडे चार चाकं आली. ती पेडण्याला आमच्या घरामागच्या मांगरात, म्हणजे पूर्वी गुरं बांधायचे त्या खोपट्यात, जाऊन थांबली. हळूहळू तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि आम्ही तिला गाडी समजायचं सोडून दिलं.

मग आई गेली, आणि बाबांनी बोलणंच टाकलं. 'हं' आणि 'हूं' एवढे दोनच उच्चार उरले. 'हं' म्हणजे हो आणि 'हूं' म्हणजे जेवण झालं. आठ महिने हे चाललं. एके दिवशी माझ्या नवऱ्याने, केवळ स्वच्छतेच्या भावनेने, भंगारवाल्याला मांगर दाखवला. त्याने जीपच्या दाराला हात लावला मात्र, बाबा ओसरीवरून उठून आले आणि म्हणाले, "हात लायलंस तर पाय मोडीन."

भंगारवाला पळाला. नवरा घरात गेला. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, कारण आठ महिन्यांत बाबांनी उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. कर्ता अध्याहृत, पण पूर्ण. त्याच क्षणी मी ठरवलं की ही जीप दुरुस्त करायची. दोन महिन्यांनी बाबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी बाबा स्वतः जीप चालवत गावातून फिरतील, बोलतील, हसतील. माझे बाबा मला परत मिळतील.

बाबांच्याच खाणीवर गाड्या दुरुस्त करणारा बाबलो मेस्त आता पेडण्याच्या वेशीवर गॅरेज चालवत होता. तो आला. त्याने जीपभोवती तीन फेऱ्या मारल्या, एक अंडं उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाई, दोन म्हयने."

"नक्की?"

"इंजिन घट आसा. बाकी पत्रो. दोन म्हयने म्हणजे दोन म्हयने."

बाबा म्हणाले, "आधी देवाक विचारया."

आमच्याकडे हे असंच असतं. घर बांधायचं असो की सोयरीक जुळवायची असो, गावच्या देवळात कौल घेतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आम्ही गेलो. भटजींनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्या पायांकडे हात जोडले हत. ह्यांची गाडी परत चलतली काय, ता..."

"भटजी, थांबा," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात मी नववी 'ब' ला नेमक्या शब्दांचं महत्त्व शिकवलं होतं. दोन तास शिकवलं होतं. त्या वर्गाला ते समजलं नव्हतं, आणि ती सगळी चीड मी त्या गाभाऱ्यासमोर घेऊन उभी होते. देवासमोर काय हे 'चलतली'? मी म्हणाले, "प्रश्न नीट विचारू या. असं म्हणा, 'ही जीप पुन्हा उभी राहील काय?'"

"उभी?" भटजी म्हणाले.

"उभी. शाळा उभी राहते, संस्था उभी राहते, मोडलेला संसार पुन्हा उभा राहतो. तशी."

भटजींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी 'हं' केलं. भटजींनी माझं वाक्य शब्दशः म्हटलं, आणि उजवी पाकळी अशी टपकन पडली की जणू देव मान डोलावून मोकळा झाला. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. शुद्ध भाषेचा परिणाम.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून जीप बाबलोकडे ओढत नेली. रस्ताभर कोंबड्या मागून धावत होत्या.

बाबा रोज नऊच्या बसने डबा घेऊन गॅरेजवर जाऊ लागले. पंच्याहत्तराव्या वाढदिवशी जीपला बॉनेट नव्हतं, दारं नव्हती आणि इंजिनाच्या जागी एक बादली होती. आम्ही केक गॅरेजमध्येच कापला. बाबलो म्हणाला, "बाई, थोडा रवला." मी म्हटलं, ठीक आहे, महिनाभर इकडे तिकडे.

पहिलं वर्ष गिअरबॉक्स सावंतवाडीहून यायची वाट पाहण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी तो आला आणि दुसऱ्याच गाडीचा निघाला. तिसऱ्या वर्षी बेळगावचा पेंटर चार दिवसांची रजा टाकून स्वतःच्या लग्नाला गेला आणि मुलाचं बारसं करून परत आला. जीपच्या सीटा 'शिवायला दिल्या' होत्या. त्या मला हरमलच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये, म्हणजे पर्यटकांच्या झावळी हॉटेलात, दिसल्या. त्यांतल्या बाबांच्या सीटवर एक परदेशी बाई पाय पसरून शहाळं पीत होती. मी तिला उठवलं. कसं उठवलं ते सांगत नाही, पण मला हातवारे चांगले येतात.

तोवर नववी 'ब' दहावी झाली, बारावी झाली. त्यातला एक मुलगा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून पेढे घेऊन आला आणि त्याने पायाला हात लावता लावता विचारलं, "बाई, जीप?" मी म्हटलं, पेढे ठेव आणि जा.

एक गोष्ट मात्र खरी. बाबा बोलू लागले होते. संध्याकाळी घरी येऊन जेवताना क्लच, शाफ्ट, बेअरिंग असं काय काय सांगायचे. शनिवारी तर हातात ताज्या भाजीची पिशवी असायची. मुळा, लाल भाजी, अळसांद्याच्या, म्हणजे मोठ्या चवळीच्या, कोवळ्या शेंगा. कुठून आणता विचारलं की म्हणायचे, "वळखीच्याकडसून." माझा नवरा त्या शेंगांवर इतका खूश होता की त्याला जीपची घाई उरली नव्हती. मला होती. बाबा एक्क्याऐंशीचे झाले होते. डॉक्टरांचा दाखला जोडून लायसन्स दर वेळी नवं करून घेत होते. मला रात्रंदिवस एकच धास्ती होती, की बाबांचे पाय क्लचवर पोचायचे तोवर जीप पोचायची नाही.

आणि मग नार्वे घडलं.

माझ्या एका सहकारी बाईंच्या मुलीचं लग्न नार्व्याला होतं. जेवण आटोपून मी आणि माझा नवरा स्कूटरवरून नदीकाठाने परतत होतो. नवऱ्याने अचानक ब्रेक मारला.

"नीला, हा आवाज ऐकलास?"

"पंपाचा आहे."

"पंपाचा नाही. हा खोकला तुझ्या बाबांच्या जीपचा आहे."

मी लग्नाच्या साडीत शेतात उतरले. बांध ओलांडताना माझी एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. पुढे एका दगडी चौथऱ्यावर बाबांच्या जीपचं इंजिन बसवलेलं होतं. वर नारळाच्या झावळांचं छप्पर, बाजूला पंप, पंपाला पट्टा, आणि नदीचं पाणी धो धो वाहत मुळ्याकडे, लाल भाजीकडे आणि अळसांद्याकडे चाललं होतं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ विडी ओढत बसले होते. मी विचारलं, "काका, हे इंजिन कुणाचं?"

"जावयाचा. पाच वर्सां झाली, एक दिस बंद पडूक नाय."

"जावई कोण तुमचे?"

"पेडण्याचो बाबलो मेस्त. दर शेनवारी भाजी व्हरूक येता. वांगडा एक म्हातारो आसता. भलो माणूस. इंजिनाक तेल तोच घालता."

मी मुळ्याच्या वाफ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मला भाजी हवी आहे. त्यांनी प्रेमाने एक पिशवी भरून दिली.

तशीच, एका चपलेवर, मी गॅरेजमध्ये पोचले. बाबलोचे पाय एका व्हॅनखालून बाहेर आले होते. बाबा शेजारी खोक्यावर बसून चहात पाव बुडवत होते.

"बाबलो, बाहेर ये."

पायांनी हालचाल थांबवली. "बाई, नार्व्याक गेल्लात?"

"इंजिन पाच वर्षं चालतंय?"

"इंजिन चलता. जीप उभी आसा."

"का उभी आहे?"

बाबलो बाहेर आला, उभा राहिला, आणि ज्या सुरात आपण लहान मुलाला पाढे सांगतो त्या सुरात म्हणाला, "बाई, देवान काय सांगल्यान? उभी रवतली. चलतली म्हणान सांगल्यान?"

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पयल्या वर्साच सुरू केल्लंय मी, जुन्याच गिअरबॉक्सार. सावंतवाडीचा नुसता निमित्त," तो म्हणाला. "गियर टाकलंय, भायर काढुची, आणि माका देवाचो शब्द आठावलो. उभी रवतली म्हणान उजवो कौल झालोलो. तो शब्द मोडून चलयली आणि भाईंका कायतरी झाला तर? मगे इंजिन काढलंय. तेका काय देवान उभा रव म्हणान सांगूक नाय. गंजण्यापरास चललेला बरा. वाक्य तुमचा बाई, माझा न्हय."

"बाबा," मी वळले, "तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी पाव संपवला. "म्हायत होता."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू मराठीची बाई. तुझा वाक्य चुकीचा म्हणान मी कसा सांगू?"

त्यानंतर मी घरी येऊन पायरीवर बसले, ते तुम्हाला सांगितलंच आहे.

दुसरा कौल पुढच्या सोमवारी घेतला. भटजींनी पाकळ्या हातात घेतल्या आणि बाबांना विचारलं, "बाई आज गप रवतली मां?" बाबांनी खिशातून एक मोठा पेढा काढून माझ्या तोंडात घातला. आठ इंच खोल खड्ड्यात सिमेंट भरावं तसा. भटजींनी देवाला, स्वतःच्याच शब्दांत, विचारलं की भाईंच्या हातान ही गाडी परत रस्त्यार चलतली काय. पाच मिनिटं काहीच झालं नाही. दहा मिनिटं. माझा पेढा विरघळत आला होता आणि बाबा काळजीने माझ्या तोंडाकडे बघत होते. मग उजवी पाकळी पडली.

बाबलोने जीप अठरा दिवसांत तयार केली. देवाचा शब्द डोक्यावर घेऊन माणूस काय वेगाने काम करतो ते मी पाहिलं. इंजिन नार्व्याहून परत आलं, बाबलोच्या सासऱ्यांना विजेचा पंप मिळाला, पेंटर दोन रात्री मुलाला घेऊन गॅरेजमध्येच राहिला. एकोणिसाव्या दिवशी हिरवीगार जीप आमच्या दारात आली आणि चालली.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी आरती ओवाळली. नवी साडी नेसले होते, कारण शेजारच्या सीटवर मी बसणार हे मी गृहीत धरलं होतं. बाबा म्हणाले, "वामनाक दाखवन येतंय," आणि मला तिथेच सोडून निघाले. वामनकाका म्हणजे बाबांचे खाणीवरचे जुने सोबती, डिचोलीला राहतात. जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत होते. इतकं रडले की शेजारीण सांत्वनाला आली.

दोन वाजले. तीन वाजले. बाबा फोन उचलेनात. नवरा म्हणाला, "वाटेत उभी राहिली असेल." मी त्याच्याकडे पाहिलं. तो चहा करायला गेला.

पाच वाजता फाटकाशी एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून बाबा उतरले. चेहरा असा फुललेला, की आई गेल्यापासून मी पाहिला नव्हता.

"बाबा, जीप कुठे?"

"वामनाक दिलंय. तेच्या नातवाक आवडली."

"दिली?"

"बदल्यात ही घेतलंय." त्यांनी टेम्पोवरची ताडपत्री ओढली. खाली एक जीप होती, म्हणजे पूर्वी असावी. चाकं नव्हती. काच नव्हती. तळातून एक पपईचं झाड वर आलं होतं आणि त्याला दोन पपया लागल्या होत्या. "वामनाच्या बावीकडे धा वर्सां पडलेली. बाबलोक दाखवन इलंय. काम आसा म्हणता."

"बाबा, सहा वर्षं," मी म्हणाले. "सहा वर्षं मी तुम्हाला ती जीप चालवताना बघायची वाट पाहिली."

"चलयली मगो. आज चलयली. बरी चलता." बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाले, "पण ती झाली गो. झालेल्या जीपेचा मी काय करू? सकाळी उठान खंय जाऊ?"

नवऱ्याने मांगरातून आपली स्कूटर बाहेर काढायला घेतली.

मी किंकाळी फोडण्यासाठी तोंड उघडलं. पंचवीस वर्षं वर्ग गप्प बसवणारा माझा आवाज आहे. सगळं पेडणं गोळा झालं असतं. पण त्या उघडलेल्या तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, "चेसिस तरी सरळ आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता मी नव्या साडीचा पदर खोचून टेम्पोत चढले, कारण असल्या गोष्टी खालून नुसतं बघून कळत नाहीत.