साडूभाऊ आणि मामांची नोट

माझे थोरले साडू माणसावर चटकन विश्वास ठेवतात. पण नोटेवर प्रत्यक्ष देवाने सही केली, तरी ठेवणार नाहीत. खामगावात त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान आहे. नोट हातात आली की ते उन्हात येतात, ती डोळ्यांसमोर धरतात, कडेच्या रेघांवरून नख फिरवतात, मग कानाशी फडफडवतात. तोवर गिऱ्हाईक पोत्यावर बसून असतं. "काऊन हो शेठ, नोटेची सोयरीक पाहून राह्यले का?" असं एकाने विचारलं, तर म्हणाले, "सोयरीक मोडता येते बाप्पा, खोटी नोट गयात पडली का पडली." कोणती नोट कुणी दिली, हे त्यांना महिनोन्महिने पाठ. खऱ्या नोटेच्या खुणा त्यांनी मला इतक्यांदा शिकवल्या, की आता मला पगाराच्या नोटाही खोट्या वाटतात आणि खोटी आली तर मी ती बिनधास्त घेईन.

मेहकरला माझ्या मुलीच्या लग्नात आहेर घ्यायला मी त्यांनाच बसवलं. आमच्याकडे माइकवरून नाव पुकारून आहेर घेतात. दर नावामागोमाग नोट फडफडल्याचा आवाज मांडवभर जाई आणि लोक हसत. मग नवरदेवाच्या मामांनी पाचशेची नोट दिली. साडूंनी ती दिव्यासमोर धरली, ती खाली घेईनातच.

"काय हो, खोटी हाय का?" मामा तापले.

सोयरीक आधीच एकदा मोडता मोडता जमली होती, आणि व्याही मामांच्या शब्दाबाहेर नव्हते. मी साडूंकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं मला अजून टोचतं. ते माइकवर म्हणाले, "एक नंबर! मामांकडून रोख पाचशे!" नंतर हळूच ती नोट खिशात घातली आणि स्वतःची डब्यात टाकली.

पुढच्या आठवड्यात आम्ही ती खामगावात त्यांच्या नेहमीच्या बँकेत नेली. कॅशिअरने शिक्का मारून नोट जप्त केली. "कोणी दिली, शेठ?"

साडू शिक्क्याकडे बघत म्हणाले, "याद नाही, साहेब."

"तुमाले याद नाही?" कॅशिअर हसला. साडू हसले नाहीत.

बाहेर आल्यावर मी पाचशे रुपये पुढे केले. आभार मानावेत की माफी मागावी, ते कळेना. मामांनाही कुणी फसवलं असेल. त्यांना सांगावं की नाही, ते अजून कळत नाही. साडूंनी माझा हात मागे सारला.

"तुमी कायले देता? कोनाची होती, मलेच याद नाही." मग खाली बघत म्हणाले, "पोरगी खुश हाय ना?"

मी हो म्हणालो. ते मान हलवून तिथेच उन्हात उभे राहिले, रिकाम्या बोटांवरून नख फिरवत.