हॉलमधली मोटारसायकल

आमच्या घरी एक हिवाळाभर मोटारसायकल राहायला होती. राहायला म्हणजे हॉलमध्ये, दिवाण आणि शोकेस यांच्या मधोमध. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही बोरिवली पूर्वेला तळमजल्यावर राहत होतो. घरात नवरा, मी आणि सासूबाई अशी तीनच माणसं होती. मोटारसायकलीला अडचण होऊ नये इतपत जागा होती.

नवऱ्याने ती कंपनीतल्या एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून घेतली होती. पावसाळ्यात ती बरी चालली. डिसेंबर लागला, डोंगराच्या बाजूने पहाटे गारठा यायला लागला, आणि तिने चालू व्हायचं सोडून दिलं. नवरा सकाळी स्वेटर घालून किक मारायला लागायचा आणि थोड्या वेळाने स्वेटर काढून मारायचा. मग तो प्लग काढायचा, पुसायचा, त्याच्याकडे बघायचा आणि परत लावायचा. शेवटी बस पकडायचा. एके दिवशी ती चालू झाली, पण तिने इतका धूर सोडला की पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे परत धुवायला घेतले.

"इंजिन उघडायला लागेल," नवरा म्हणाला.

"मेकॅनिककडे दे ना मग," मी म्हटलं. आम्ही एकाच ऑफिसात भेटलो होतो, त्यामुळे आमचं अरे-तुरेच होतं. सासूबाईंना ते ऐकू आलं की त्या पंख्याकडे बघायच्या.

"मेकॅनिक उघडतात गं, पण समजून घेत नाहीत," तो म्हणाला. तो स्वतः कंपनीत ड्रॉइंग ऑफिसमध्ये होता. इंजिन त्याने कागदावर पुष्कळ बघितलं होतं.

पुढच्या रविवारी त्याने सोसायटीच्या आवारात गोणपाट पसरून काम सुरू केलं. अर्ध्या तासात सेक्रेटरी खाली आले. ते आमच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहायचे. धूर खाल्लेले कपडे त्यांच्याच घरचे होते. आवारात दिवाळीच्या आधी नवीन फरशी बसवली होती आणि ती त्यांच्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट होती. त्यांनी गोणपाटाचा कोपरा चपलेने उचलून खाली बघितलं.

"तेल पडलंय."

"पुसतो."

"ते पुसून जात नाही. इथे रिपेरिंग चालणार नाही. उद्या सगळेच करतील."

सोसायटीत दुसऱ्या कोणाकडे मोटारसायकल नव्हती, पण नियम हा नियम. नवऱ्याने वाद घातला नाही. त्याने कुठूनतरी एक फळी आणली, दोन पायऱ्यांवर टाकली, हँडल वाकडं करून गाडी दारातून आत घेतली आणि हॉलमध्ये स्टँडवर लावली.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"ह्या काय रे घरात हाडलंस?"

"चार दिवसांचं काम आहे, आई."

"उद्या बैल पण हाड," असं म्हणून त्या आत गेल्या.

सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या मालवणकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या त्या थेट गिरणगावातल्या चाळीत, आणि जवळजवळ सगळा जन्म तिथेच गेला. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पुढे सासरेही गेले, आणि मुलाने चाळीतली खोली सोडून बोरिवलीला ब्लॉक घेतला. ब्लॉकमध्ये संडास आत होता, नळ आत होता, सगळंच आत होतं. सासूबाईही आतच असायच्या. आम्ही दोघं सकाळी कामावर जायचो ते संध्याकाळी यायचो. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाल्या होत्या, "हयसर माणसां रवतत की नाय, कळणा नाय." शेजारच्या दाराच्या तीन कड्यांचे आवाज त्यांना वेगवेगळे ओळखू यायचे, पण शेजारीण कशी दिसते ते सांगता यायचं नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही त्यांना मनोरीला नेणार होतो. त्यांनी कधी कसला हट्ट केला नव्हता, पण समुद्र, आणि तोही शांतपणे बसून बघायचा, एवढं त्या बोलून गेल्या होत्या. नाताळ आला तेव्हा इंजिनाचं डोकं आमच्या परातीत होतं. पिस्टन वर्तमानपत्रावर होता. सायलेन्सर बाथरूममध्ये कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उभा होता आणि आम्ही आंघोळी त्याला वळसा घालून करत होतो. झिजलेला सिलिंडर बोअर मारून, म्हणजे आतून कातून आणायला मालाडच्या एका लेथवाल्याकडे दिला होता आणि पिस्टनच्या नव्या रिंगा बाजारात नव्हत्या.

"बसने जाऊ," मी म्हटलं.

"रिंगा आल्या की गाडीनेच जाऊ," नवरा म्हणाला. रिंगा या विषयावर तो हळवा झाला होता.

त्यात छतातून पाणी गळायला लागलं. सेक्रेटरींनी वर हॉलच्या कोपऱ्यात, गॅलरीजवळ, नवीन बेसिन बसवून घेतलं होतं, गुलाबी रंगाचं. पाहुण्यांना जेवल्यावर हात धुवायला आत जायला लागू नये म्हणून. वर पाहुण्यांनी हात धुतले की खाली आमच्या छतावर आधी ओल यायची, मग एक थेंब तयार व्हायचा, बराच वेळ विचार करायचा आणि पडायचा. मोटारसायकलीच्या मागच्या सीटजवळच. नवरा वर जाऊन आला.

"काय म्हणाले?"

"थंडीत भिंतींना घाम येतो म्हणाले."

"छताला?"

"छताला पण येतो म्हणाले. आणि म्हणाले, फ्लॅट राहण्यासाठी आहे, गॅरेज म्हणून वापरता येत नाही. आधी गाडी बाहेर काढा, मग बघू."

"आणि गाडी बाहेर काढून उघडली तर?"

"बाहेर रिपेरिंग चालणार नाही."

मी थेंबाखाली टोप ठेवला. नवऱ्याने गाडी एक हात सरकवली. यापलीकडे आमच्या बाजूने काही करण्यासारखं नव्हतं.

या सगळ्यात एक वेगळीच गोष्ट झाली आणि ती आमच्या लक्षात उशिरा आली. पेट्रोलचा आणि रॉकेलचा वास घरात कोंडायचा, म्हणून सासूबाई दिवसभर पुढचं दार उघडं ठेवायला लागल्या. हिवाळ्यात मटार स्वस्त. त्या दाराजवळ पाट टाकून मटार सोलत बसायच्या. दार उघडं, आत मोटारसायकल, म्हटल्यावर जाणारं-येणारं माणूस थांबणारच. आधी शेजारीण थांबली. मग तिसऱ्या मजल्यावरची गुजराती सून, मग समोरच्या विंगमधल्या दोघी. "आजी, हे काय?" असं विचारायला थांबलेली बाई मटार सोलायला बसूनच जायची. मी संध्याकाळी घरी आले की मला सोसायटीतल्या बातम्या मिळायला लागल्या. कोणाच्या नणंदेचं कुठे जमतंय, पाण्याचा पंप नक्की कशामुळे बिघडतो, सगळं. मी त्या बिल्डिंगमध्ये तीन वर्षं राहत होते आणि मला पंप कुठे आहे तेही माहीत नव्हतं.

नवऱ्याने एकदा विचारलं, "आई, गाडीचा त्रास होतोय ना तुला?"

"तुझा चलांदे सावकाश," त्या म्हणाल्या. "घाई कित्याक?"

संक्रांत आली. मी दरवर्षी हळदीकुंकू करायचे, त्या वर्षी नको म्हणत होते. हॉलमध्ये बायका बसवणार कुठे? सासूबाई म्हणाल्या, चादर घाल गाडीवर. मी घातली. चांगली फुलाफुलांची घातली, तरी खाली काय आहे हे कोणालाही कळत होतं. पिस्टन आणि इतर मंडळी दिवाणाखाली गेली.

दुसरा प्रश्न सासूबाईंचा होता. सासरे गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात बसायच्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी नको असंही म्हटलं नव्हतं. मीही नाही. त्या दिवशीही त्या तिळाच्या वड्यांचं ताट माझ्या हातात देऊन ओट्याजवळ स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं ते चालून गेलं होतं, कारण येणाऱ्या बायका त्यांना ओळखत नव्हत्या. आता ओळखत होत्या. गुजराती सुनेने बसल्या बसल्या विचारलं, "आजी क्यां छे? आजी कुठे?" मी म्हटलं, आत आहेत. "आत का?" तिने विचारलं. मी वड्यांचं ताट तिच्यापुढे केलं. ती उठली, आत गेली आणि सासूबाईंना हाताला धरून बाहेर घेऊन आली.

बसायला जागा नव्हती. दिवाण भरला होता, खुर्च्या भरल्या होत्या. सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं, लुगडं सावरलं आणि मोटारसायकलीच्या सीटवर, चादरीवर, एका बाजूने पाय सोडून बसल्या. कुंकू मी त्यांना लावलं नाही आणि त्यांनीही कपाळ पुढे केलं नाही. पण शेजारणीने तिळगूळ दिला, दुसरीने दिला, आणि गुजराती सुनेने स्वतःच्या वेणीतला गजरा तोडून अर्धा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो डोक्यात माळला नाही, मुठीत धरून ठेवला. नंतर बराच वेळ त्यांची मूठ मिटलेलीच होती.

सेक्रेटरींची बायको सगळ्यात शेवटी आली. काळी साडी, नवा नेकलेस. स्वभावाने चांगली बाई, फक्त नवऱ्यापुढे बोलत नसे. एकच खुर्ची रिकामी होती, गॅलरीजवळची. ती तिथे कोणी ठेवली हे मी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही. टोप मात्र जागेवर नव्हता.

वर त्यांच्याकडेही बहुतेक कोणीतरी जेवून हात धुतले. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, वाण म्हणून साबणाची डबी दिली, आणि तेवढ्यात थेंब पडला. बरोबर भांगात. कुंकू पातळ होऊन नाकापर्यंत ओघळलं. दुसरा थेंब साबणाच्या डबीवर वाजला. तिने मान वर करून छताकडे बघितलं. मोठा पिवळा डाग होता, आणि मध्ये तिसरा थेंब तयार होत होता.

"हे... आमचं आहे का?" तिने हळूच विचारलं.

"नाय गो बाय," सासूबाई मोटारसायकलीवरून म्हणाल्या. "थंडीचो घाम तो. तुझ्या घोवानच सांगल्यान."

पहिली हसली ती सेक्रेटरींची बायकोच. पदराने नाक पुसत हसली, मग सगळ्या हसल्या. तीन मजले ऐकू जाईल असं हसणं मी त्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर वर गेला. संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः खाली आले, डाग बघितला, आणि "थोडं लीकेज होतं" असं म्हणाले. मग हात मागे बांधून मोटारसायकलीकडे बघत उभे राहिले.

"रिंगा मिळत नाहीयेत?"

"नाही ना."

"भांडुपला माझ्या मेहुण्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे," ते म्हणाले. त्यांना हे सांगणं जड गेलं असावं, कारण सांगून झाल्यावर ते चहा न घेता गेले.

रिंगा आल्या. नवऱ्याने दोन रविवार लावून सगळं परत जोडलं. एक वॉशर उरला. तो म्हणाला, जास्तीचा असेल. गाडी बाहेर काढताना फळीची एक बाजू सेक्रेटरींनी धरली होती आणि ते सारखं "जपून, फरशी" म्हणत होते. नवऱ्याने किक मारली. चौथ्या किकला ती चालू झाली, धूर न सोडता. वरच्या गॅलरीतून बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने कानाची पाळी खाजवली. तो फार खूश झाला की असंच करतो.

सासूबाई रिकाम्या हॉलकडे बघत म्हणाल्या, "हॉल केवढो मोठो दिसता." संक्रांतीपासून त्या दुपारी गाडीच्या सीटवरच बसायच्या; त्या दिवशी बायका नेहमीसारख्या मटार घेऊन आल्या, तेव्हा त्या दिवाणावर सरकून बसल्या.

जानेवारी संपता संपता आम्ही मनोरीला गेलो. मी आणि सासूबाईंनी बसने जायचं आणि नवऱ्याने गाडीने, असं ठरलं होतं. निघताना सासूबाई सरळ गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी गाडयेरनाच येतलंय."

"आई, पडशील."

"पंदरा दिस बसलंय तिच्यार. पडलंय?"

तेव्हा ती स्टँडवर होती, असं नवरा म्हणाला. पण तोपर्यंत त्या बसल्याही होत्या. मी एकटी बसने खाडीच्या अलीकडे मार्व्याला गेले. धक्क्यावर पोचले तेव्हा दोघं माझी वाट बघत शहाळं पीत होते आणि सासूबाईंच्या डोक्यावरचा पदर मानेपर्यंत गेला होता. तो त्यांनी सावरलाही नव्हता. गाडी होडीत चढवतात असं लोक सांगत होते, पण नवऱ्याने ती शहाळेवाल्याच्या नजरेखाली ठेवली आणि खाडी ओलांडेपर्यंत मागे वळून बघत राहिला.

मनोरीला त्यांनी विशेष काही केलं नाही. सुरूच्या झाडाखाली वाळूत बसल्या. ऊन कोवळं होतं, वारा गार होता. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. "वास तोच आसा," एवढंच म्हणाल्या. दुपारभर त्यांनी नुसता समुद्र बघितला. निघताना मात्र एका कोळणीशी सुक्या बोंबलांवरून त्यांचं असं कडाक्याचं भांडण झालं, की शेवटी ती कोळीण आम्हाला होडीपर्यंत पोचवायला आली आणि पुढच्या महिन्यात या म्हणाली.

परतताना मी पुन्हा बसमध्ये. मालाडला सिग्नलला बस थांबली, आणि शेजारीच आमची मोटारसायकल येऊन उभी राहिली. सासूबाई एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, मांडीवर बोंबलांची पिशवी, एक हात मुलाच्या खांद्यावर. त्या त्याच्या कानाशी काहीतरी जोरजोरात सांगत होत्या आणि तो मान डोलवत होता. माझ्या शेजारी खिडकीत बसलेला माणूस कोपराने मला ढोसून म्हणाला, "बघा ना बाई, एवढ्या म्हातारीला मोटारसायकलवर बसवलंय. लोकांना काही वाटत नाही."

"सासूबाई आहेत माझ्या," मी म्हटलं.

तो एकदम उठला आणि मला खिडकीजवळची जागा दिली. मी बसेपर्यंत सिग्नल सुटला होता आणि गाडी पुढे निघून गेली होती.