काचेवरचं कुंकू

मथुराताई पडघान यांची आणि माझी ओळख झाली ती मी फेरात चुकले म्हणून. आमचं खेडं चिखलीहून मेहकरकडे जाताना लागतं. भाद्रपदातल्या पौर्णिमेला घरोघरी पाटावर मातीची भुलाबाई बसायची आणि कोजागिरीपर्यंत आम्ही मुली रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन तिच्याभोवती फेर धरायचो, गाणी म्हणायचो आणि शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखायचो. त्या संध्याकाळी माझं सगळं लक्ष त्या झाकलेल्या डब्याकडे, पाय आपले शेजारणीचे बघून टाकत होते. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या एका उंच, सावळ्या बाईंनी मला विचारलं, "काऊन वं, कोणाचे पाय पाहून राह्यली?"

"शेजारनीचे," मी म्हटलं.

"तिचे नोको पाहू. ते बी चुकून राह्यली."

सगळ्या मुली हसल्या. मला राग आला आणि त्याच रागात माझा पाय तालात पडला. त्या बाई म्हणजे सणाला गावी आलेली सोनामायची मथुरा. मामाने शिवण शिकायला मुंबईला नेलेली आणि शिवणाचा वर्ग सोडून नृत्याच्या वर्गात जाऊन बसलेली. गावात तिचं नाव निघालं की माणसं "नाचते म्हणे" एवढं म्हणत आणि विषय बदलत. सोनामाय विधवा बाई, थोडीशी जमीन स्वतः कसायची. तिने मात्र लेकीला कधी अडवलं नाही.

मुंबईत तेव्हा टीव्ही नुकताच सुरू झाला होता. आमच्याकडे त्याचा खोकाही कुणी पाहिला नव्हता. ताई तिथे अभिनय करत आणि नाच बसवत. पुढच्या वर्षी महिलांच्या एका कार्यक्रमासाठी त्यांनी आमची भुलाबाई मागवून घेतली, म्हणजे आम्हा मुलींनाच नेलं. स्टुडिओत गेल्यावर निर्माते म्हणाले, "मुलींना ओळीत उभ्या करा, तोंडं कॅमेऱ्याकडे." ओळीत उभ्या राहिल्याबरोबर आम्ही गाणंच विसरलो. ताई म्हणाल्या, "साहेब, या पोरी भुलाबाईकडे तोंड करून नाचतात. तुम्हाला त्यांचं तोंड पाहायचं असेल तर भुलाबाईच्या जागी जाऊन बसा." आणि खरोखरच त्यांनी भुलाबाईचा पाट बाजूला घेतला, मधोमध तो भला मोठा कॅमेरा ढकलायला लावला आणि आम्हाला त्याच्याभोवती फेर धरायला सांगितला.

अडचण एकच होती, कॅमेऱ्याची जाडजूड वायर. ती ओलांडताना प्रत्येकीला उडी मारावी लागे. ताईंनी ती उडीच तालात बसवली. शिवाय कॅमेरा आमच्याबरोबर फिरून वायर त्याला गुंडाळली जायची, म्हणून अर्ध्या गाण्यावर फेर उलटा वळवला. वायर सुटली आणि नाचही खुलला. नंतर कुणी जाणकार म्हणाले म्हणे, की उलटा फेर ही वऱ्हाडची फार जुनी परंपरा आहे. ताई हसून हसून बेजार झाल्या. ताईंच्या नाचाच्या वर्गात आजही आम्ही तो उलटा फेर घेतो आणि जमिनीवर नसलेल्या वायरीवरून उडी मारतो.

गावी परतल्यावर सोनामाय आम्हाला विचारायची, "कशी दिसे वं माही पोरगी त्या खोक्यात?" आम्ही तरी काय सांगणार? आम्ही खोक्याच्या आत होतो, बाहेरून कुणी पाहिलं? सोनामाय म्हणाली, "साऱ्या मुंबईनं पायलं, एक माह्याच डोयायनं नाही पायलं." हे मी ताईंना कळवलं. त्यांना तेवढ्यात एका नाटिकेत मोठी भूमिका मिळाली होती. त्यांनी आईला निरोप धाडला, या वेळी ये आणि पाहा. सोनामाय एकटी कधी चिखलीच्या बाजारापलीकडे गेलेली नव्हती, म्हणून सोबतीला मी. नांदुऱ्याला आम्ही गाडीत बसलो. आख्ख्या प्रवासात तिने शेंगदाण्याच्या लाडवांचं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

नाटिका थेट दाखवली जायची होती. त्यामुळे ताई स्टुडिओत आणि आम्ही दोघी त्यांच्या शेजारणीकडे टीव्हीपुढे. खोली माणसांनी भरलेली. सोनामायला मानाने पुढे बसवलं होतं. पडदा उजळला, ताई आल्या, लोक म्हणाले, "या बघा तुमच्या मथुराताई." सोनामाय खुदकन हसली आणि दुसऱ्या क्षणी तिचा चेहरा उतरला. ताई विधवेची भूमिका करत होत्या. पांढरं लुगडं, मोकळा गळा, कोरं कपाळ.

मी तिच्या कानात सांगितलं, "माय, खोटं हाय हे. नाटक हाय." ती म्हणाली, "मले समजते नाटक." आणि उठली. शेजारणीच्या देवघरातून तिने कुंकवाचा करंडा उचलला, बोट बुडवलं आणि टीव्हीपाशी जाऊन काचेवर, लेकीच्या कपाळावर, टेकवलं. पण चित्र कुठे थांबतं? ताईंनी मान वळवली. कुंकू राहिलं काचेवर आणि कपाळ गेलं दुसरीकडे. सोनामाय त्या कपाळामागे बोट घेऊन फिरायला लागली. "थांब न वं माय... जराशी हालू नोको... थांब न वं."

खोलीत काही जण हसले. मी हसले नाही. स्वतःच्या कपाळाला ज्या बोटाने कित्येक वर्षं कुंकू लावलं नव्हतं, तेच ते बोट होतं. शेवटी काचेवर लाल फराटे उमटले आणि आपल्याला काही जमत नाही हे कळून ती खाली बसली. पुढची नाटिका तिने पाहिली नाही, पदराने डोळे झाकून घेतले.

रात्री ताई आल्या त्या आनंदात होत्या, काम फार चांगलं झालं होतं. मी सगळं सांगितलं. त्या हसल्या. पण सकाळी उठल्याबरोबर शेजारणीकडे गेल्या. मीही मागोमाग गेले. टीव्ही बंद होता आणि काच लख्ख होती. ताईंनी विचारलं, "पुसलंत का?" शेजारीण म्हणाली, "हो बाई, डाग पडला असता." ताई "बरोबर आहे" म्हणाल्या. तरीही बराच वेळ त्या काचेपाशी उभ्या होत्या. तिच्यात त्यांना त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत असणार, दुसरं काय दिसणार?

सोनामाय कधी रागावली नाही. निघताना तिने एवढंच सांगितलं, "तू कायबी कर पोरी. पण कपाळ मोकयं नोको ठेवू." ती नाटिका गाजली होती. त्यामुळे ताईंकडे ज्या भूमिका चालून आल्या त्या सगळ्या तशाच, विधवेच्या. ताईंनी एकेक करत सगळ्या नाकारल्या. हळूहळू लोक विचारायचेही थांबले. मी त्यांच्याशी चांगलं भांडले आहे यावरून. म्हटलं, ताई, विधवा काय माणसं नसतात? त्यांची गोष्ट सांगायची नाही का? तुम्हीही असं अशुभ मानायला लागलात? त्या म्हणाल्या, "नलिनी, मी काही मानत नाही. पण कॅमेरा सुरू झाला की मला दिसते, तिकडे एक म्हातारी बोट पुढं करून उभी आहे. मी हलू कशी?"

त्यानंतर काही वर्षं त्यांनी मुंबईत नाच बसवले, दुसऱ्यांची नावं झाली. सोनामाय थकली तेव्हा ताई सगळं आवरून परत आल्या आणि चिखलीत दोन खोल्या घेऊन वर्ग सुरू केला. मुंबईतली त्यांची शुद्ध भाषा एसटीतच राहिली. लोकांनी पोरी पाठवायला वेळ लावला. पहिले कित्येक महिने त्या रोज संध्याकाळी वर्ग झाडून, दिवा लावून, घुंगरू बांधून बसत आणि कुणी आलं नाही तर एकट्याच नाचून घुंगरू सोडून ठेवत. मी तेव्हा लग्न होऊन मेहकरला होते. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, सोनामायने सांगितलं.

सोनामाय गेली. त्यानंतर आमच्याकडे टीव्ही आला. घराघरांवर अँटेनाच्या काड्या उभ्या राहिल्या, साऱ्या गावाला टीव्हीतल्या बायांची नावं पाठ झाली. आणि बाजारात लोक ताईंना विचारू लागले, "ताई, तुमी बी टीव्हीत होत्या म्हणे?" हा "म्हणे" मला फार झोंबतो. ताई मात्र "हो, होते बापा" म्हणून भाजी निवडत राहतात. आता ताईंच्या साठीनिमित्त गौरव समिती झाली आहे, तिच्यातल्या एका सद्गृहस्थांनी मला सुचवलं, समारंभात ताईंचं एखादं जुनं चित्रण दाखवू. आम्ही चौकशी केली. नाटिका थेट झाली होती, तिचं चित्रण नव्हतंच. भुलाबाईच्या फितीवर पुढे दुसरं काही घेतलं गेलं. म्हणजे ज्यांचा गौरव आपण करणार आहोत त्यांचं काम या जिल्ह्यात पडद्यावर पाहिलेल्या बाया दोनच. एक मी आणि दुसरी सोनामाय. आणि सोनामायने तर डोळे झाकून घेतले होते.

ताईंच्या घरी आजही टीव्ही नाही. वर्ग सुटला की पोरी पळतात, प्रत्येकीला घरची मालिका गाठायची असते. मग गल्ली सामसूम होते आणि प्रत्येक खिडकीतून एकच आवाज येत असतो. ताई ओट्यावर बसून तो ऐकतात. मी एकदा म्हटलं, करमते का तुम्हाले? त्या म्हणाल्या, "नाही करमत." एवढं सरळ उत्तर मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

आता माझ्यावरचं एक ऋण सांगते. माझे यजमान अकाली गेले. मी मेहकरच्या शाळेत शिक्षिका, त्या वर्षी शाळेतल्या भुलाबाईला मी मुलींना फेराच्या बाहेरूनच शिकवत होते, बायांनी तसं सुचवलं होतं. तेवढ्यात ताई चिखलीहून एसटीने आल्या. माझा हात धरून त्यांनी मला फेरात उभं केलं आणि भुलाबाईपुढचं कुंकू माझ्या कपाळावर लावलं. काही बाया उठून गेल्या. ताई त्यांना म्हणाल्या, "खाऊ तं ओयखून जा!" दोघी-तिघी परत फिरल्या.

म्हणून जेव्हा समितीने साठीच्या औक्षणासाठी पाच सवाष्णींची नावं काढली आणि त्यात माझं नाव असणं शक्यच नव्हतं, तेव्हा मला वाईट वाटलं तरी मी बोलले नाही. बोलल्या ताई. म्हणाल्या, "ओवायन तं नलिनीच ओवायन." कुणीतरी अडखळत म्हटलं, "पण ताई, त्यांच्या कपाळाचं..." ताई म्हणाल्या, "टीव्हीतल्या मथुरेले कुंकू लावाले एकच बाई उठली होती. तिच्या कपाळावर बी नव्हतं."

समितीने माझं नाव घातलं आहे, त्याबद्दल मी आभारी आहे.

ताई, तुम्हाला उदंड आणि धडधाकट आयुष्य लाभो. गुडघ्यांनी तुमचं ऐकावं. नाही ऐकलं तर खुर्चीत बसून आमच्या चुका काढा, आमची काही तक्रार नाही. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर एखादी पोरगी घरी जायला विसरो आणि तुमच्याजवळ ओट्यावर बसून राहो. तुम्ही आमचे पाय तालावर आणलेत, त्या पायांनी आम्ही तुमच्याकडे येत राहू.

आणि समारंभाच्या दिवशी मी तबक घेऊन समोर येईन. त्यातल्या कुंकवात बोट बुडवेन आणि पुढे करीन. सोनामायला जे कपाळ सापडलं नाही ते मला सापडायचं आहे. तेवढ्यापुरतं, ताई, हालू नका.