पोल्वी म्हणजे गुडघा

रेमीची बायको लीना फोनवर एवढंच म्हणाली, "गेला गं... शेवटचं बघूही दिलं नाही." मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात तिचं घर माझ्या मागच्याच गल्लीत, पण लॉकडाऊन. जेवणाचा डबा दाराशी ठेवून परत फिरले.

रेमी माझ्याच गावचा, वसईचा. दोघांच्याही घरात कॉलेजला गेलेलं पहिलं माणूस आम्हीच, आणि त्याचा आम्हाला माज होता, तो का लपवू? मी इंजिनीअर झाले, तो फिजिओ. मेलबर्नच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना चालवायचा. तिथल्या एका फिनलंडच्या आजीची इंग्रजी स्मृतिभ्रंशात पुसली गेली होती. "बेंड युअर नी" म्हटलं की नुसती बघत राहायची. रेमीने तिच्या भाषेतला शब्द शोधला, पोल्वी, आणि आजीने गुडघा वाकवला. मग पठ्ठ्या त्या शब्दाच्या मागेच लागला. ब्रेकमध्ये कारपार्कातून फोन करायचा. "ऐक, एस्टोनियातही जवळजवळ हाच शब्द, वर उत्तरेला सामी लोकांतही. म्हणजे या भाषा वेगळ्या व्हायच्या आधीचा गुडघा आहे हा. आणि पिढीला म्हणतात सुकुपोल्वी. कुळाचा गुडघा."

"म्हणजे आपण आपापल्या कुळाचे नवे गुडघे?"

"माझा धडधाकट. तुझा आत्ताच कुरकुरतोय."

साथ आश्रमात शिरली तेव्हा मास्क पुरेनात. मॅनेजर म्हणाला, एकच दिवसभर वापरा, नो वरीज. मी रेमीशी भांडले, रजा टाक. तो म्हणाला, "मग आजीशी बोलेल कोण?" पुढच्या आठवड्यात त्यालाच ताप आला.

त्याला जाऊन महिना झाल्याची मिस्सा, आमची चर्चची प्रार्थना, ऑनलाइन होती. इथल्या वसईकर मंडळाच्या अंकलांचा आधी फोन आला. "दोन शब्द बोल, पण मास्कचा विषय नको. आपली पोरं त्या आश्रमात कामाला आहेत, त्यांच्या नोकऱ्यांवर यायला नको. देवाने बोलावून घेतलं, असं म्हण."

"अंकल, मास्क देवाने दडवून नव्हते ठेवले."

मिस्सेत सगळे आपापल्या कार्पेटवर गुडघे टेकून, स्क्रीनवर नुसते केसच दिसत होते. मी खुर्चीतच बसले. त्या दिवशी माझ्याच्याने गुडघे वाकवले गेले नाहीत. माझी पाळी आल्यावर म्हणाले, "रेमीला देवाने नेलं नाही. त्याला कामाच्या जागी धड मास्क मिळाला नाही, म्हणून तो गेला." अंकलांनी माझा माइक बंद केला. मग एका चौकटीत लीना हळूहळू गुडघ्यांवरून उठली आणि तिने स्वतःचा माइक सुरू केला.

"तिला परत बोलू द्या," ती म्हणाली. "काहींना नीट ऐकू आलं नसेल."