तीन पाहुणे आणि एकच उपदेश

बुऱ्हाणपूरचा योहान पाळकपण सोडून लालबाग स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होणार, असं भुसावळच्या एका गार्डानं सांगितलं आणि माझं जेवणावरचं लक्षच उडालं. ते सहसा उडत नाही. पाळकांच्या शाळेत आम्ही चौघं एका खोलीत राहिलेलो, आणि त्यात योहान सगळ्यांत हुशार. तोच खचून बसला तर आम्ही किस झाड की पत्ती?

आमची एक रीत आहे. दर हिवाळ्यात कुणा एकाच्या घरी जमायचं. पाहुण्यांनी पाळीपाळीनं उपदेश करायचा, यजमानानं मंडळीत सतरंजीवर बसून ऐकायचा आणि शेवटी खरं मत द्यायचं, दोस्ती मध्ये न आणता. यंदा सगळे माझ्याकडे यावलला यायचे होते. मी उरलेल्या दोघांना, दाविदला आणि खांडव्याच्या यशवंताला, कळवलं, यंदा बुऱ्हाणपूर.

यावलहून भुसावळपर्यंत बैलगाडी, तिथं दाविद भेटला, पुढं आगगाडी. सकाळी जाणार असाल तर डावीकडं बसा. ऊन लागत नाही आणि सातपुडाही तिकडूनच दिसतो. स्टेशन लालबागेत आहे, गाव तिथून लांब. टांगेवाल्यानं चार आणे सांगितले, दाविद दोनावर अडला.

"चला ना पादरीसाब, तुमच्यासंगं काय हुज्जत करू," म्हणत तो तीनावर आला आणि गावाच्या शनवारा वेशीपर्यंत घोड्याच्या पोटदुखीचं सांगत राहिला.

योहानच्या दोन खोल्या. पुढची प्रार्थनेची, मागची संसाराची. यशवंत आधीच येऊन पाय पसरून बसला होता. सगुणावहिनी म्हणाल्या, "भाऊ, कळन्याची भाकर गरम हाय तवर खाऊन घ्या. बोलनं मंग." भरीत असं होतं की मी काळजीसकट चार भाकरी खाल्ल्या.

दुपारी तापीवर राजघाटाला गेलो. पात्रात दगडी हत्ती आहे, तो जरूर पाहा. योहान त्याच्याकडं पाठ करून बसला.

"इथली माणसं वाईट नाहीत, हेच तर दुखणं आहे," तो म्हणाला. "विणकर खाट टाकतात, पान देतात, सगळं ऐकतात. मग 'अच्छी बात कही साब' म्हणून पुन्हा मागावर बसतात. दोन वर्षांत मंडळीत एक नवा माणूस आला नाही. कुणी दगड मारला असता तर शब्द लागला एवढं तरी कळलं असतं. मला नाही जमत रे. नाताळानंतर धक्क्यावर जायचं म्हणतो."

आम्ही तिघांनी माना हलवल्या. प्रत्येकाच्या पोटात उपदेश तयार होता ना.

संध्याकाळी दाविद उभा राहिला. शास्त्रातला तो थकलेला संदेष्टा, जो रानात झुडपाखाली बसून पुरे झालं म्हणतो, त्याच्यावर बोलला. छान बोलला, पण मी माझा उपदेशाचा कागद हळूच पिशवीत खाली सारला. रविवारी सकाळी यशवंत उभा राहिला आणि तोही थेट त्याच झुडपाखाली गेला. दाविद छताकडं पाहायला लागला. दुपारी माझी पाळी. दुसरा उपदेश आणायचा कुठून? मी उभा राहिलो आणि म्हटलं, "बंधूंनो, माझाही तोच आहे."

सगुणावहिनींनी तोंडाला पदर लावला. योहान मात्र हसला नाही. यजमान म्हणून मत द्यायची त्याची वेळ होती.

"तिघांनी ठरवून आणला?"

"नाही रे, शपथेवर."

"मग तिघांचा इतका घोटलेला कसा? हा काय गाडीत बसून तयार झालेला उपदेश नाही."

दाविद म्हणाला, "मी पावसाळ्यातच तयार केला. स्वतःसाठी. गाव सोडून जायचं ठरवलं होतं."

यशवंत म्हणाला, त्याचा मागच्या उन्हाळ्यातला. मी म्हटलं, माझा आषाढातला, वडिलांच्या सुतारकामाकडं परत जायचं मनात होतं तेव्हाचा.

योहान सतरंजीवर बसल्या बसल्या रडला. "आणि मी समजत होतो, चौघांत मीच एकटा नालायक."

"नालायकच आहेस," यशवंत म्हणाला, "पण एकटा नाहीस." तेव्हा कुठं तो हसला.

सोमवारी चौघं शहापूरच्या बाजारात गेलो. दाविदनं झांजा धरल्या, योहान गायला. लोकांनी ऐकलं, पान दिलं आणि आपापल्या सौद्याला लागले. योहाननं पान मजेत खाल्लं.

तो लालबागेपर्यंत पोचवायला आला. मालधक्क्यावरचा मुकादम दिसताच स्वतःच पुढं झाला. "भाऊ, माझी वाट नका पाहू. दुसरा मानूस घ्या."

"पगार कम वाटला का, पादरीसाब?"

"नाही हो. हाय तेच काम राहिलंय."

गाडीत मी भुसावळपर्यंत गाढ झोपलो. फार दिवसांनी अशी झोप लागली.

घरी पोचलो तेव्हा बायको अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"राहणार का योहानभाऊ?"

"राहणार."

"आणि तुम्ही?"

आषाढातलं मी तिला एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"मीही," म्हटलं.