कुर्बानभाईची नजर आणि झाडाचा शेंडा

अचलपूरच्या पुढे, सातपुडा दिसायला लागतो तिथे आमचं गाव. त्या गावात एक माणूस असा, की तो झाडाकडे पाहून त्यावरची संत्री सांगे. कुर्बानभाई त्याचं नाव. झाडाभोवती एक फेरी मारायची, टोपी मागे सारायची, नजर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सावकाश चढवायची आणि म्हणायचं, सहाशे. तोडणीनंतर पाच-दहा फळांचा फरक निघाला तर ती पाखरांनी खाल्ली असतील, असं लोक म्हणत. कुर्बानभाई चुकला असं कोणी म्हणत नसे.

आमच्याकडे संत्र्याची बाग झाडावरच विकली जाते. व्यापारी फळं कमी सांगतो, शेतकरी जास्त सांगतो, आणि दोघांच्या मधोमध कुर्बानभाईचा आकडा उभा राहतो. तो बोलला की सौदा ठरला. तीस वर्षं असंच चाललं. त्यातच दुष्काळाची वाईट वर्षं आली. विहिरी तळाला गेल्या, कापसानं पाठ फिरवली, उभ्या बागा वाळून सरपणाला गेल्या. अशा दिवसांत माणसाचा माणसावरचा भरवसाही आटतो. कुर्बानभाईवरचा मात्र कायम होता.

पण त्याची एक गोष्ट लोकांच्या डोळ्यावर येऊ लागली होती. तो हनुवटी वर करून चालायचा. मशिदीकडे जाताना, लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, सगळीकडे तसाच. कोणी म्हणे गर्व चढला. सूर्यभानजी, ज्यांची दोनशे झाडांची बाग कुर्बानभाई दरसाल पाहायचा, त्यांनी भर पंगतीत विचारलं होतं, "कुर्बानभाई, आता मांडवावरचे संत्रे मोजून राहिले का?"

पंगत हसली, कुर्बानभाईही हसला. आपली मान आखडली आहे हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. तीस वर्षं जो माणूस झाडाखाली मान वर करून उभा राहिला, त्याची मान आखडणार नाही तर कोणाची? मग तिळाचं तेल झालं, गरम विटेचा शेक झाला. त्याची बायको जहाँआरा दोन हिवाळे रोज त्याची मान चोळत होती. मान काही खाली आली नाही.

दोन हजार चार सालच्या आंबिया बहाराला, म्हणजे पावसाळ्यानंतर तोडणीला येणाऱ्या फळाच्या वेळी, तो सूर्यभानजींची बाग पाहायला गेला. आकडा सांगितला, व्यापाऱ्यानं मान डोलावली. तोडणी झाली तेव्हा सूर्यभानजी बांधावर उभे होते. ढीग वाढतच गेले. दर झाडामागे शंभर-सव्वाशे फळं जास्त निघाली, आणि ती सगळी शेंड्याकडची होती. सौदा झालेला, शब्द दिलेला, त्यामुळे जास्तीची फळंही व्यापाऱ्याच्या गाडीत गेली. सूर्यभानजी भांडले नाहीत. फक्त हळू आवाजात बोलले.

"खालचं झाड तुमी मोजलं, कुर्बानभाई. वरचं कोनाले देल्लं?"

त्या एका वाक्यानं तीस वर्षांचं नाव धुळीत गेलं. कुर्बानभाईनं व्यापाऱ्याकडून कधी चहासुद्धा घेतला नव्हता. त्यानं पुन्हा एका झाडाकडे पाहिलं. शेंडा दिसतच नव्हता. दिसत नाही हे आजवर कळलंही नव्हतं, हेच मोठं नवल.

घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. जहाँआरा तेलाची वाटी घेऊन आली. आज मानेऐवजी कपाळ चोळू म्हणून तिनं तळवा त्याच्या भुवयांवर ठेवून दाबला, आणि तिचा हात थांबला. नवऱ्याचे डोळे मिटल्यासारखे झाले होते. तिनं त्याला डोळे उघडायला सांगितलं. उघडेच आहेत, तो म्हणाला. हात काढला तशा भुवया वर गेल्या, कपाळाला आठ्या पडल्या आणि डोळे पुन्हा दिसू लागले. तिनं तीनदा करून पाहिलं. मग वाटी खाली ठेवली.

"गर्दन का नहीं जी," ती म्हणाली, "पलकों का मर्ज है. मैं दो साल गलत जगह तेल घिसती रही."

दोघं एस.टी.नं अकोल्याला गेले. जठारपेठेत एक डोळ्यांची डॉक्टरीण होती. तिनं बरंच विचारलं: एकाचे दोन दिसतात का, संध्याकाळी पापण्या जास्त पडतात का, घास गिळायला त्रास होतो का. पापण्यांवर दोन मिनिटं बर्फ ठेवून पाहिला. काही आजारांत बर्फानं पापणी थोडा वेळ उचलली जाते, आणि मग सुरीची नाही, गोळ्यांची गरज असते. इथे पापणी तशीच राहिली. पट्टी लावून मोजमाप घेतल्यावर तिनं समजावलं. पापणी उचलणारा स्नायू मजबूत होता, पण त्याला पापणीशी बांधणारा पट्टा सैल झाला होता, वयानं आणि वर्षानुवर्षं डोळे चोळून. झाडाखाली वर पाहणाऱ्याच्या डोळ्यात कचरा पडणारच आणि तो चोळणारच. आता शेंडा दिसावा म्हणून तो नकळत भुवया ताणत होता, हनुवटी उचलत होता.

"म्हंजे बैल धडधाकट, मोटेचा नाडा सैल," कुर्बानभाई म्हणाला. डॉक्टरीण हसली. म्हणाली, तोच नाडा आवळायचा आहे.

सुरी डोळ्याजवळ चालणार, या विचारानं जहाँआरा घाबरली. कुर्बानभाईनं एवढंच विचारलं, की पुढच्या बहाराला मी उभा राहीन का.

शस्त्रक्रियेत त्याला पूर्ण भूल दिली नाही. पापण्या बधिर केल्या, टाके घातले आणि मधेच उठवून बसवलं. समोर पाहा, आता वर पाहा. तो त्याच्या नेहमीच्या चालीनं पाहत गेला, भिंतीच्या बुंध्यापासून छतापर्यंत.

"बाई, उजवीकडून कोपरा दिसते. डावीकडून अजून बोटभर राहिला."

डॉक्टरणीनं डावा टाका पुन्हा ओढला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, आता बरोबर. आठवड्यानं टाके निघाले, महिन्याभरात सूज उतरली. रात्री डोळ्यात मलम घालायचं काम जहाँआरानं आनंदानं केलं, म्हणाली, आता तरी बरोबर जागी हात चालतो आहे.

पुढच्या बहाराला तो न बोलावता सूर्यभानजींच्या बागेत गेला. चार माणसं जमली होती, व्यापारी होता. हनुवटी सरळ ठेवून कुर्बानभाई त्यांच्यासमोर उभा राहिला.

"गेल्या साली शेंडा मले दिसलाच नाही, सूर्यभानजी. कोनाले देल्ला नाही. आज एक झाड माह्या आकड्यावर तोडून पाहा. चुकलो तर पुन्हा बागेत पाय ठेवनार नाही."

त्यानं फेरी मारली, टोपी मागे सारली, नजर शेंड्यापर्यंत नेली आणि म्हणाला, सातशे वीस. गडी चढला. फळं शंभर-शंभराच्या ढिगांत मांडली गेली. सात ढीग झाले आणि वर अठरा फळं उरली.

कुर्बानभाई दुसऱ्या झाडाकडे वळला. गड्यानं त्या बुंध्याला शिडी लावली, तेव्हा सूर्यभानजींनी स्वतः पुढे होऊन ती उचलली आणि बांधाला आडवी टाकली.

"आता कायले मोजता?" ते गड्याला म्हणाले. "भाऊ सांगतात ना."

मग दोनशे झाडं कुर्बानभाई आकडे सांगत पुढे चालत राहिला, आणि सूर्यभानजी त्याच्या बरोबरीनं चालत राहिले.