इलॅस्टिकचं कार्ड

“पाकिटात तीन असतात. दोन आहेत. तिसरा कुठं गेला, तेवढं सांगा,” शिवणारीण चौथ्यांदा म्हणाली.

तिचा नवरा, बस डेपोतला मेकॅनिक, एका पायात चप्पल घालून दारातच अडकला होता. आरोग्य केंद्राच्या दाराशी कंडोमचा खोका ठेवलेला असतो, कुणीही घेतं, आपणही घेतलं, एवढंच तो सांगत होता. घेतलं ते कळलं, ती म्हणाली, कशाला घेतलं ते कळत नाही. तिला कॉपर टी बसवलेली होती. दाराला कुलूप असताना माणूस नवं कुलूप आणतो, ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारासाठी. शिवाय गेले दहा दिवस पाठ दुखते म्हणून हे भिंतीकडे तोंड करून झोपत होते. आतल्या खोलीत सासूबाई मटार सोलत होत्या. सोलण्याचा आवाज केव्हाच थांबला होता.

शिवणारीण घरी बसून लोकांचे कपडे दुरुस्त करायची. कुणाची पँट आखूड, कुणाची कंबर सैल, कुणाची चेन बदलायची. मशीनखाली कापड घालण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा, हा तिचा नियम. एकदा खिशातल्या स्क्रूनं सुई मोडली होती, तेव्हापासूनचा. सोळा वर्षांत तिला खिशांत कवळी सापडली, दुसऱ्याच बाईचं कानातलं सापडलं, हॉटेलच्या खोलीची किल्ली सापडली. वस्तू ती कागदात बांधून परत द्यायची आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाही. पण गल्लीतले पुरुष तिला चेहऱ्यापेक्षा खिशांवरून जास्त माहीत होते. आज पहिल्यांदा घरचा खिसा बोलला होता.

आणि हे सगळं कुणासाठी सोसलं होतं? आधी गोळ्या झाल्या. सकाळी उठलं की मळमळ, आणि लग्नसराईच्या कामात लागोपाठ तीन दिवस विसरल्या, त्याची आठवण म्हणजे धाकटी मुलगी. मग दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. त्यानं पाळीच बंद झाली, तर सासूबाईंनी परस्पर नातवाची तयारी सुरू केली. शेवटी कॉपर टी. पहिलं वर्षभर रक्त इतकं जायचं, की गडद रंगाशिवाय साडी नेसायची सोय नव्हती. सासूबाईंचा तर त्या तारेवर काडीचा विश्वास नव्हता. ती वर चढत चढत काळजापर्यंत जाते, असं त्यांना कुणीसं सांगितलं होतं.

नवऱ्यानं शेवटी चप्पल काढली. मशीनचा खण उघडून त्यानं पांढऱ्या इलॅस्टिकची गुंडाळी बाहेर काढली आणि भराभर सोडायला लागला.

“गुंता होईल,” ती म्हणाली.

तो थांबला नाही. इलॅस्टिक संपलं आणि आतून जाड पुठ्ठ्याचं कार्ड निघालं. कॉपर टीचं. जाड पुठ्ठा दिसला की त्यावर काहीतरी गुंडाळायचं, ही तिची खोडच. औषधांची खोकी, लग्नपत्रिका, काही सुटायचं नाही. हे कार्डही त्यातच गेलं होतं. कार्डावर काढायची तारीख होती आणि ती उलटून सात महिने झाले होते.

पायजम्याला इलॅस्टिक घालायला दहा दिवसांपूर्वी त्यानं गुंडाळी सोडली होती, तेव्हा त्याला ते दिसलं.

“मग तोंड शिवलं होतं का तुमचं?”

“सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी जाऊन नवी बसवून आली असतीस,” तो म्हणाला. “मागच्या वेळी दोन दिवस भिंत धरून चालत होतीस.”

आणि तिसरा? तिसरा त्यानं डेपोच्या संडासात उघडून पाहिला होता. नखानं फाटला. अख्खं इंजिन सुटं करणाऱ्या माणसाला हे सांगताना कानापर्यंत लाली चढली. तिला निम्मं पटलं. उरलेलं निम्मं तिनं जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं केंद्रात गेली. सिस्टरनं लघवी तपासली, दिवस गेलेले नव्हते. शिवणारणीनं टेबलाची कड धरून श्वास सोडला. मुदत संपलेली तार सिस्टरनं तिथंच काढली आणि पुढचं समजावलं. नवी तार बसवता येईल. गोळ्या, पण रोज आठवणीनं. बाईचं ऑपरेशन, पोट उघडून. किंवा पुरुषाचं, टाका नाही, दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही. मात्र त्यानंतर तीन महिने कंडोम वापरायचेच, मग तपासणी, आणि ती नीट आली तरच निर्धास्त.

“माझं करा,” नवरा म्हणाला.

इतकं चटकन, की ती त्याच्याकडे बघतच राहिली. पायजमा आणायला सांगितला तर हा माणूस तीन वेळा विचारतो, कुठला.

घरी सासूबाईंनी आधी ताकद जाते, पोरगा इंजिनं उचलतो वगैरे सांगून पाहिलं. सून ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी तिला मोरीपाशी गाठलं.

“तुझ्याच भल्याचं सांगते. एकदा ते झालं की पुरुष मोकळा. बाहेर काय करतो, त्याचा मागमूस राहत नाही.”

सासूबाईंनी सुनेच्या भल्याचं बोलावं, हेच मुळात संशयास्पद होतं. पण बोलणं नेमकं लागलं. दुपारभर तिनं मशीन चालवलं, तीन पँटी आखूड केल्या, एकीचा एक पाय दोन बोटं जास्त कापला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. हा माणूस खोटं बोलत असेल, तर आपणच त्याला परवाना देतोय. खरं बोलत असेल, तर सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या भिंत धरून चालण्याकडे पाहिलं होतं. कुठलं खरं, ते उलटं करून पाहायला माणसाला खिसा नसतो. आणि पुन्हा त्या टेबलावर झोपायचं तिच्या जिवावर आलं होतं, एवढं मात्र पक्कं खरं होतं.

संध्याकाळी जेवायला सगळे बसले. तिनं ते कार्ड पाण्याच्या तांब्याला टेकवून उभं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर दोन तारखा लिहिल्या होत्या.

“गुरुवारी यांचं ऑपरेशन आहे,” ती म्हणाली. “तीन महिन्यांनी तपासणी. दोन्ही वेळा मी सोबत जाणार, आणि तपासणीची चिठ्ठी सिस्टरच्या हातून मी घेणार. खिसे नेहमीसारखे तपासले जातील.”